घरच्या सर्व्हरवर ‘आर्मा ३’ची लांब मोहीम कशी चालवावी

मिलिटरी शूटरमध्ये मला पंधरा मिनिटांच्या धुमश्चक्रीपेक्षा महिनोन्‌महिने चालणारी मोहीम जास्त आवडते. चार-पाच मित्रांनी मिळून एक गाव ताब्यात घ्यायचं, तिथं चौकी बसवायची आणि पुढच्या वेळी त्याच चौकीवरून कूच करायचं. बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा २०१३ साली आलेला ‘आर्मा ३’ यासाठी मला अजूनही सगळ्यात भावतो. अडचण एवढीच, की कुणा एकाच्या पीसीवर खेळ होस्ट केला की त्याने गेम बंद करताच सगळं जग मिटतं. त्यावर उपाय म्हणजे घरात कायम चालू असणारा डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे फक्त खेळाचं जग चालवणारं वेगळं मशीन.

माझा सर्व्हर एका जुन्या ऑफिस डेस्कटॉपवर चालतो. चार कोरचा आय-५, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि त्यावर डेबियन लिनक्स. ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर नाही. मशीन निवडताना एकच गोष्ट नीट बघा: एका कोरचा वेग. आर्माच्या एआय सैनिकांचं (संगणकाने चालवलेल्या सैनिकांचं) बरंचसं गणित एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालतं. त्यामुळे सोळा संथ कोरांच्या जुन्या रॅक सर्व्हरपेक्षा चार वेगवान कोरांचा साधा डेस्कटॉप इथं सरस ठरतो, शिवाय आवाज आणि वीजही कमी. रॅम पुरेशी असेल तर आणखी वाढवून काही फरक पडत नाही.

गेम उतरवण्याआधी नेटवर्क तपासा. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता (राउटरचा बाहेरच्या बाजूचा आयपी) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे सेवा देणारी कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तसं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्याकडे पब्लिक आयपी मागावा. तो मिळत नसेल तर सगळ्या मित्रांना वायरगार्डवर, म्हणजे एका खासगी व्हीपीएन नेटवर्कवर घ्यावं. त्यासाठी पब्लिक पत्ता असलेला एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये लागतो. तो खेळणाऱ्यांच्या जवळचा निवडा, कारण सगळ्यांचा पिंग (माहिती जाऊन यायला लागणारा वेळ) त्याच्याच अंतरावर ठरतो. ओळखीच्या मोजक्याच लोकांनी खेळायचं असेल तर पब्लिक आयपी असूनही मी वायरगार्डच सुचवेन. घरचं मशीन इंटरनेटवर उघडं पडत नाही, हा फायदा मोठा आहे.

फॉरवर्डिंग करणार असाल तर आधी राउटरमध्ये सर्व्हरचा घरातला पत्ता कायमचा राखून ठेवा. मग २३०२ ते २३०६ हे यूडीपी पोर्ट त्याच्याकडे वळवा. २३०२ खेळाचा, २३०३ आणि २३०४ स्टीमचे, २३०६ बॅटलआय या फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रॅमचा. टीसीपी लागत नाही. चाचणी घरातल्या वायफायवरून करू नका. बरेच राउटर आतून आपल्याच पब्लिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही माणूस तासभर चुका शोधत बसतो. बाहेरच्या मित्राला जोडायला सांगा, घरातून खेळताना स्वतः घरातला पत्ता वापरा.

सर्व्हरसाठी लिनक्सवर वेगळा यूजर करा, रूटवरून चालवू नका. स्टीमसीएमडी या स्टीमच्या कमांड-लाइन प्रोग्रॅममधून २३३७८० या क्रमांकाचं सर्व्हरचं पॅकेज उतरवा. त्यासाठी वेगळं स्टीम खातं काढा, त्यावर गेम विकत घेतलेला असण्याची गरज नाही. स्टीमच्या वर्कशॉपमधल्या मॉडना (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांना) मात्र गेम असलेलं खातं लागतं, म्हणून मी मॉड माझ्या खेळायच्या पीसीवर उतरवतो आणि तिथून सर्व्हरवर कॉपी करतो.

इथंच लिनक्सची खरी मेख आहे. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल सारखंच, लिनक्सला नाही. मॉडच्या फोल्डरांची आणि आतल्या फाइलींची सगळी नावं स्मॉल अक्षरांत करून घ्या, नाहीतर सर्व्हरला मॉड सापडतच नाही. प्रत्येक अपडेटनंतर हे पुन्हा करावं लागतं, तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट लिहूनच टाका. प्रत्येक मॉडची ‘.bikey’ फाइल, म्हणजे मॉडची सही ओळखणारी की, सर्व्हरच्या ‘keys’ फोल्डरमध्ये टाका. सही तपासणी चालू असेल आणि की नसेल, तर खेळाडू आत येताच बाहेर फेकला जातो. मित्रांना मॉडची नावं तोंडी सांगत बसू नका. गेमच्या लाँचरमधून प्रीसेट (मॉडची यादी) एक्स्पोर्ट करून तीच फाइल सगळ्यांना द्या.

सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड, अॅडमिनचा वेगळा पासवर्ड आणि ‘पर्सिस्टंट’ १, एवढं सुरुवातीला पुरतं. ‘पर्सिस्टंट’मुळे शेवटचा खेळाडू गेला तरी मिशन चालू राहतं.

पहिली लढाई सुरू झाली की अॅडमिन म्हणून ‘#monitor’ कमांड देऊन सर्व्हरचा एफपीएस बघा, म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती वेळा खेळाचं गणित करतो तो आकडा. मूळ मर्यादा ५० आहे. आकडा २०च्या खाली रेंगाळायला लागला की शत्रू गोळी लागूनही उशिरा पडतात, गाड्या हिसके देत धावतात आणि दोष सगळे नेटला देतात. आधी एआयची संख्या कमी करा. लांबच्या तुकड्या झोपवून ठेवणारं डायनॅमिक सिम्युलेशन चालू करा. तरीही भागलं नाही तर हेडलेस क्लायंट लावा: ही वेगळी प्रोसेस दुसऱ्या कोरवर बसून एआयचा भार उचलते. तिचा पत्ता कॉन्फिगमध्ये नोंदवावा लागतो आणि मिशनमध्ये तिच्यासाठी जागा ठेवावी लागते. एआय तिच्याकडे सोपवण्याची सोय मिशनमध्ये किंवा मॉडमध्ये असेल तरच तिचा उपयोग.

सर्व्हर सिस्टमडी (लिनक्समधली प्रोग्रॅम सुरू करणारी यंत्रणा) खाली ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं की तो आपोआप उठेल. बॅकअप पूर्ण इन्स्टॉलचा नको, ते पुन्हा उतरवता येतं. जपायचं ते प्रोफाइलचं फोल्डर. ‘अँटीस्टासी’सारख्या (खेळाडूंनी बनवलेल्या) मोहिमेत जिंकलेली गावं, साठवलेली शस्त्रं, सगळं तिथल्या ‘.vars’ फाइलीत असतं. सर्व्हर थांबवूनच ती कॉपी करा, आणि कॉपी दुसऱ्या मशीनवर ठेवा.

मॉडचे अपडेट खेळाच्या दिवशी करू नका. मी ते आदल्या दिवशी करतो, स्वतः एकदा आत जाऊन गाडी चालवतो, चार गोळ्या झाडतो, सेव्ह करून बाहेर पडतो, आणि मगच मित्रांना नवीन प्रीसेट पाठवतो.