दोन वजनकाट्यांवर तोल कसा तपासावा

एकसारखे दोन वजनकाटे सपाट फरशीवर शेजारी ठेवा. सतरंजीवर आकडा चुकतो. अनवाणी, एकेक पाय एकेका काट्यावर, नजर समोर. वाकून पाहिलं की तोल हलतो, म्हणून आकडे दुसऱ्याला वाचू द्या. 30 सेकंदांनी काटे अदलाबदल करून पुन्हा मोजा. दोन्ही पायांवरच्या भारातला फरक काट्याबरोबर गेला तर दोष काट्याचा.

काटे बदलूनही त्याच पायावर जास्त भार राहिला तरी ‘कमरेचा सांधा सरकलाय’ असं लगेच मानू नका. त्रिकास्थीलगतचा (कण्याच्या तळाच्या हाडालगतचा) हा सांधा जेमतेम 2 ते 4 अंश हलतो आणि हाताने चाचपून ती हालचाल नीट कळत नाही. आधी खुब्याचा ताठरपणा, पायांच्या लांबीतला फरक पाहा. पाय बधिर होत असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.