फेसबुकचा धंदा समजून घेताना या चुका टाळा

दर वर्षी परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे एमबीएच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासायला येतात. अधूनमधून एखादा तरुण स्वतःच्या ॲपचा आराखडाही घेऊन येतो. विषय ठरलेला असतो: फेसबुक एवढं मोठं कसं झालं, पुढे कसं वाढेल, पैसा कुठून येतो. चुकाही ठरलेल्या असतात. तेच शेरे वर्षानुवर्षं मारून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

एकूण माणसं मोजणं

ही सगळ्यात महागडी चूक. मी तिची किंमत जवळून पाहिली आहे. २००८ च्या सुमारास मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. मराठी माणसांसाठी वेगळं सोशल नेटवर्क काढायचं ठरलं होतं. तेव्हा आपल्याकडे ऑर्कुटचा जमाना होता. मालकांचा आग्रह असा की पहिल्या दिवसापासून अख्खा महाराष्ट्र हवा. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, गणेशोत्सवात मंडपांबाहेर फलक लावले. रोजच्या नोंदणीचा आकडा आम्ही फळ्यावर लिहायचो. तो वाढत होता, आणि आकडा मोठा झाला तशी ऑफिसात पेढ्यांची खोकी आली.

पुढे एका दुपारी मी सहज तालुकावार यादी काढून पाहिली. बहुतेक तालुक्यांत जेमतेम दहा-पंधरा माणसं, तीही एकमेकांना अनोळखी. अक्कलकोटच्या एका गुरुजींनी पाठवलेला निरोप मला अजून आठवतो: "तीनदा येऊन गेलो. आमच्या गावचं कोणीच नाही का इथे?" ते परत आले नाहीत. त्यांच्यासारखे बाकीचेही आले नाहीत. दीड वर्षात साइट बंद झाली आणि माझ्यासोबत काम करणारी चांगली मुलं घरी बसली.

फेसबुकने नेमकं उलटं केलं होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या एकट्या हार्वर्ड विद्यापीठात. महिनाभरात तिथले निम्म्याहून जास्त पदवीचे विद्यार्थी आत आले, तेव्हा कुठे कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येलचं दार उघडलं. पुढे एकेक कॉलेज, २००५ मध्ये शाळा, आणि सगळ्यांसाठी प्रवेश खुला झाला तो थेट सप्टेंबर २००६ मध्ये. म्हणजे अडीच वर्षं त्यांनी वाटेल त्याला आत घेतलंच नाही. त्यामुळे नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी वर्गातले चेहरे दिसायचे. नंतर त्यांच्या वाढीचं काम बघणाऱ्या गटाने जे लक्ष्य ठेवलं, तेही याच जातीचं: नव्या माणसाला दहा दिवसांत सात मित्र मिळाले पाहिजेत.

उतावळ्या मुलांना हे पटत नाही. "सर, एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं विचारतात. माझी सवय सांगतो. कोणीही वापरकर्त्यांचा आकडा पुढे ठेवला, की मी त्यांना सर्वांत दाट भरलेली एक जागा दाखवायला सांगतो. एक हॉस्टेल, एक बाजारपेठ, एक सोसायटी. ती दाखवता आली नाही तर पुढची पानं वाचत नाही.

सरासरीने गुणाकार करणं

दुसरी चूक हुशार मुलं करतात, म्हणून जास्त वाईट वाटतं. मेटा म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी. तिचं एका वापरकर्त्यामागचं उत्पन्न घ्यायचं, त्याला भारतातल्या वापरकर्त्यांच्या संख्येने गुणायचं आणि "भारतातून एवढे अब्ज डॉलर" असं ठोकून द्यायचं. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीचे फेसबुकचे आकडे बघा. अमेरिका-कॅनडात एका वापरकर्त्यामागे ६८.४४ डॉलर, युरोपात २३.१४, आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२. जगाची सरासरी १३.१२. यातली सरासरी कुठल्याच खंडात राहत नाही. आणि आशियाच्या त्या साडेपाच डॉलरमध्ये जपान, कोरिया आणि ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत बाजारपेठाही धरलेल्या आहेत.

हा फरक का पडतो, ते समजायला जाहिरातीचा लिलाव समजला पाहिजे. तुम्ही फीड खाली सरकवता तेव्हा त्या एका जागेसाठी अनेक जाहिरातदारांत लिलाव होतो. सगळ्यात जास्त बोली लावणारा आपोआप जिंकत नाही. बोली, तुम्ही त्या जाहिरातीवर काही कराल याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा, असं एकत्र धरून निकाल लागतो. आता अमेरिकेतली विमा कंपनी एका ग्राहकासाठी जेवढं मोजायला तयार असते, तेवढं इचलकरंजीचा साडीवाला मोजूच शकत नाही. त्याचा एका साडीवरचा नफा केवढा! माणूस तेवढाच वेळ फोनवर घालवतो, पण त्याच्यासमोरची जागा कोण विकत घेतंय त्यावर पैसा ठरतो.

यातूनच आणखी एक घोळ होतो. २०२३ मध्ये मेटाच्या एका जाहिरातीचा सरासरी भाव ९ टक्क्यांनी घसरला. एका प्रोजेक्टमध्ये यावरून थेट "कंपनी उतरणीला लागली" असा निष्कर्ष काढला होता. शेजारचीच ओळ त्या मुलाने वाचली नव्हती: दाखवलेल्या जाहिरातींची संख्या २८ टक्क्यांनी वाढली होती. रील्समध्ये नव्या जागा तयार झाल्या, आणि स्वस्त बाजारपेठांत वापर वाढला, की सरासरी भाव खाली येतो आणि एकूण उत्पन्न वर जातं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, संख्या ११ टक्के आणि भाव १० टक्के, दोन्ही वाढले. मी कागदावर नेहमी दोन रकाने आखतो, किती जाहिराती आणि काय भावाने. दोन्ही भरल्याशिवाय मत द्यायचं नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओवरून प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांना हे रकाने भरता येत नाहीत, कारण त्यासाठी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा लागतो. तो फुकट मिळतो. त्यातलं धोक्यांचं प्रकरण आधी वाचा, तिथे कंपनी सगळ्यात खरं बोलते.

बाकीच्या चुका

"फेसबुक तुमचा डेटा विकतं." नाही. विकला तर उद्या दुसरा कोणीही तो वापरेल. ते माहिती स्वतःकडे ठेवतात आणि तिच्या जोरावर तुमच्यापर्यंत पोचण्याची संधी विकतात. २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण, ज्यात कोट्यवधी वापरकर्त्यांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती लागली, ते गंभीरच होतं, पण तिथे माहिती एका ॲपमार्फत बाहेर गेली होती.

"आधी माणसं जमवा, पैशाचं नंतर बघू, फेसबुकनेही तेच केलं." पहिल्याच वर्षापासून ते कॉलेजांत छोट्या जाहिराती विकत होते. नफ्याची घाई केली नाही, हे खरं. घाईचं फळ मायस्पेस या फेसबुकच्या आधीच्या सोशल नेटवर्कने भोगलं. २००६ मध्ये गूगलशी ९० कोटी डॉलरचा जाहिरात करार झाला, रहदारीच्या अटी पाळायच्या म्हणून पानं जाहिरातींनी भरली, आणि ५८ कोटी डॉलरना घेतलेली साइट २०११ मध्ये साडेतीन कोटींना विकावी लागली.

"स्नॅपचॅट, टिकटॉकची नक्कल केली आणि जिंकले." भारतात टिकटॉक २९ जून २०२० रोजी सरकारी आदेशाने बंद झालं, आणि काही दिवसांतच इथे रील्स सुरू झाली. समोरचा मैदानातच नव्हता, हे लिहायला विसरू नका.

"मेटाव्हर्स म्हणजे झुकरबर्गचा छंद." मेटाव्हर्स म्हणजे डोळ्यांवर यंत्र चढवून शिरायचं आभासी जग. इथे थोडं थांबावं लागेल. मे २०१२ मध्ये ३८ डॉलरना बाजारात आलेला शेअर सप्टेंबरात १८ च्याही खाली गेला, कारण लोक मोबाइलवर गेले होते आणि तिथे फेसबुकची जाहिरात जवळजवळ नव्हती. २०१३ संपेपर्यंत जाहिरातीचं निम्म्याहून जास्त उत्पन्न मोबाइलवरून यायला लागलं. पण फोन दुसऱ्यांचेच राहिले. २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर जाहिरातींसाठी वापरकर्त्याचा माग काढायचा तर त्याची परवानगी सक्तीची केली, आणि २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असं मेटानेच सांगितलं. उद्याचं यंत्र तरी स्वतःचं असावं, ही त्यामागची धडपड आहे. २०२३ मध्ये मेटाव्हर्सचं काम बघणाऱ्या विभागाने १६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा केला. हा डाव फसू शकतो, मला स्वतःला तो फार महाग वाटतो. पण त्याचं कारण न समजता त्याला छंद म्हणू नका.

"व्हॉट्सॲप फुकट आहे, म्हणजे त्यातून काहीच मिळत नाही." वर्षाला एक डॉलरची वर्गणी २०१६ मध्ये बंद केली, हे बरोबर. पण आज कंपन्या ग्राहकांना निरोप पाठवण्याचे पैसे देतात, आणि दुकानदार फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशी जाहिरात करतो जी दाबली की थेट व्हॉट्सॲपवर गप्पा उघडतात.

या शेवटच्या मुद्द्यासाठी इंटरनेटवर शोधत बसू नका. तुमच्या गल्लीतला कपडेवाला, केकवाली ताई किंवा क्लासवाले सर यांच्यापैकी कोणीतरी हा खर्च नक्की करत असेल. त्यांच्याकडे जा, गेल्या महिन्यात मेटाला किती रुपये दिले ते विचारा, त्यातून किती लोकांनी चौकशी केली आणि किती जणांनी माल घेतला ते वहीत लिहा, आणि ती वही घेऊन माझ्याकडे या.