आजोबा वारले, हे मुलाला कसं सांगाल

बातमी आई किंवा बाबांनीच द्यावी, तीही लवकर. शेजारच्या खोलीतल्या कुजबुजीतून ती मुलाला कळू नये. जवळ घेऊन सरळ सांगा: "आजोबा वारले. त्यांचं हृदय थांबलं. आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत."

"झोपले" म्हणू नका. मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. "गावाला गेले" म्हटलं की ते दाराकडे बघत बसतं. पाचेक वर्षांखालच्या मुलाला 'कायमचं' उमगत नाही. तोच प्रश्न दहादा येईल, उत्तर दरवेळी तेच द्या. थोडं मोठं मूल "मी आजोबांवर चिडलो म्हणून का?" हे मनातच ठेवतं. त्याने विचारलं नाही तरी "तुझ्यामुळे काही झालं नाही" हे सांगाच.

अंत्यदर्शनाला न्यायचं तर आधी वर्णन करा: नाकात कापूस असेल, हात गार लागेल, मोठी माणसं रडतील. नको म्हणालं तर जबरदस्ती नको. घरातलं एक माणूस फक्त मुलासाठी मोकळं ठेवा, म्हणजे त्याला मध्येच बाहेर नेता येतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे का थांबलेत, तेही समजावा. रडता रडता मूल खेळायला पळालं तर रागावू नका. शाळेत पाठवण्याआधी वर्गशिक्षिकेला कळवून ठेवा.