तलावांच्या मुलखात ग्रॅव्हल सायकल: या चुका टाळा

"जाते ना जी! कायले नाही जात?"

पुढे रस्ता जातो का, असं विचारल्यावर गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या अलीकडे एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, म्हशी राखणाऱ्या मामांनी असं ठणकावून सांगितलं आणि मी माझी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन निघालो. मोबाइलच्या नकाशातही पाळीवरून तुटक रेघ दिसत होतीच. दीडेक किलोमीटर मजेत गेलं. डावीकडे पाणी, उजवीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. मग पाळच संपली. समोर सांडवा, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडायची जागा, आणि त्यावरून गुडघाभर पाणी धो धो खाली चाललेलं. मामा खोटं बोलले नव्हते. त्यांचा रस्ता जात होता, म्हशींचाही जात होता. खांद्यावर सायकल घेऊन शेवाळलेल्या दगडांवरून उतरता येईल का, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा प्रश्न एकच असतो: "ट्रॅक्टर जाते का?" ट्रॅक्टर जात असेल तर मुरूम टाकलेला असतो, ओढ्यावर पाइप तरी असतो आणि रस्ता कुठल्या तरी गावाला निघतो. अपवाद जुलैचा. तेव्हा चिखलणीसाठी ट्रॅक्टरला केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं, चढवतात आणि त्याच चाकांनी ते गावच्या रस्त्यावरून नेतात. परवापर्यंत गुळगुळीत असलेली पांदण दोन दिवसांत खवणीसारखी होते.

भंडारा-गोंदियात ग्रॅव्हल सायकल घेऊन येणाऱ्यांची पहिली चूक हीच. रस्ता नकाशावर शोधतात, पाण्याकडे बघत नाहीत. इथले कच्चे रस्ते पाण्याच्या सोयीने पडलेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी उतार बघून तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले. पूर्व विदर्भात असे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांहून जास्त आहेत. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बोडीतून बांधीत. म्हणून पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाळीवरची वाट सांडव्याशी तुटणार, हे धरूनच चालावं. डिसेंबरनंतर तीच वाट कोरडी ठणठणीत. घरी बसून मार्ग आखताना उपग्रहाचं चित्र मोठं करून पाळीची दोन्ही टोकं बघा. सांडवा सहसा एका टोकाला असतो. त्याच्या उलट टोकाने शिरून तसंच परत फिरायचं ठरवलं तर निम्मी डोकेदुखी संपते.

मातीची नावं शिकून घ्या

इथला शेतकरी जमिनीला नुसतं काळी किंवा लाल म्हणत नाही. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावं आहेत. सायकलवाल्याला दोन पुरतात. बरडी म्हणजे खडेमिश्रित उंचवट्याची जमीन. पाऊस थांबून तासभर झाला की तिच्यावरून खुशाल जा. कन्हार म्हणजे काळी चिकट. ओल्या कन्हारीत पन्नास मीटर गेलात की टायर आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, मधली फट बुजते, चाक फिरायचं थांबतं. इथे बहुतेक जण जी चूक करतात ती महागात पडते: जोर लावून पॅडल मारतात. चिखलात अडकलेला मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ओढला जातो, तो फ्रेमला धरणारा छोटा हँगर वाकतो किंवा तुटतो, आणि कधी डिरेलर थेट आऱ्यांत जातो.

चाक जड लागलं की लगेच उतरा. पळसाची काडी घेऊन फोर्क, ब्रेक आणि डिरेलरच्या छोट्या चाकांतला गाळ काढा आणि सायकल कडेच्या गवतावरून ढकला. हँगर तुटलाच तर डिरेलर सोडवून साखळी छोटी करायची आणि मधल्या एकाच गिअरवर घर गाठायचं. त्यासाठी साखळी तोडायचा चेन ब्रेकर, ती पुन्हा जोडायची क्विक लिंक आणि तुमच्याच फ्रेमला बसणारा जादा हँगर जवळ हवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मित्राकडचा बहुधा बसत नाही.

काटा काढला, तरी पुन्हा पंचर

बाभळीचे काटे इथे रस्त्यावर येतात ते कुंपणांमुळे. शेताच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकलेल्या असतात, बैलगाडी जाताना त्या ओढल्या जातात. माझं एकदा अर्ध्या तासात तीनदा पंचर झालं. दोनदा ट्यूब बदलली, टायर वरवर चाचपला, काही लागलं नाही. तिसऱ्यांदा रुमाल टायरच्या आतून फिरवला. एका जागी सूत अडकलं. काट्याचं टोक, जेमतेम दोन मिलिमीटर, रबरात मोडून बसलेलं. बोटाला ते जाणवलंच नव्हतं. नखाने निघेना, शेवटी बाहेरून सेफ्टी पिनेने ढकलून आत काढलं.

टायर ट्यूबलेस असेल तर काटा काढून भोक खालच्या बाजूला येईल असं चाक धरा, सीलंटला, म्हणजे आतल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाला, अर्धा मिनिट द्या, मग हवा भरा. पण विदर्भाच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. हिवाळ्यात भरलेल्यावर मे महिन्यात भरवसा ठेवू नका. हवा भरतानाही चूक होते. डांबरी रस्त्याच्या सवयीने लोक साठ-सत्तर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठोकून येतात आणि खडीवर दात वाजवत जातात. सत्तर किलोचा माणूस आणि 40 मिलिमीटरचा टायर असेल तर ट्यूबवर 35 ते 40 आणि ट्यूबलेसवर 30 ते 35 पुरे. याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील, हेही लक्षात ठेवा.

गावोगावी पंचरचं दुकान असतं, ही इथली सुखाची गोष्ट. पण तिथल्या पंपाला तुमच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा प्रकारचा व्हॉल्व्ह बसत नाही, आणि तिथल्या ट्यूबचा जाड व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या भोकात जात नाही. नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. साऱ्या सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि घरी विसरते तीही तीच.

पहाटे निघायची सवय

पुण्या-मुंबईचा सायकलवाला पाचला निघतो. इथे ते अर्धंच बरोबर आहे. ऊन टाळायला लवकर निघावंच, पण जंगलाचा टप्पा अंधारात नको. कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाताना किंवा चोरखमाऱ्याच्या बाजूला पहाट आणि तिन्हीसांज जनावरांची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा अस्वलंही झाडाखाली येतात. माणसं फुलं वेचायला जातात, पण ती घोळक्याने आणि बोलत-खोकत जातात. सायकल मात्र आवाज न करता वळणावर येते, आणि अस्वल दचकतं. म्हणून उघड्या धानपट्ट्यातला टप्पा आधी उरका, जंगलात ऊन वर आल्यावर शिरा, आणि झाडीच्या वळणांवर घंटी वाजवत राहा. 2022 मध्ये हत्तींचा कळप अर्जुनी मोरगाव तालुक्यात येऊन गेला होता, त्यामुळे निघण्याआधी गावच्या चहाच्या टपरीवर चौकशी करण्यात कमीपणा नाही.

नवेगाव-नागझिरा हा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. नकाशात आतून जाणाऱ्या सुंदर वाटा दिसतात, त्या तुमच्यासाठी नाहीत. आत जायचं तर गेटवरून, गाइडसोबत, सफारीच्या गाडीने. सायकलसाठी बाहेरची गावं भरपूर आहेत: बोदलकसा, चोरखमाऱ्याचा काठ, नवेगावबांधहून गोठणगावकडे इटियाडोह धरणापर्यंत. धरणाच्या नहरेकाठचा, म्हणजे कालव्याकाठचा, मुरमाचा रस्ता मला या सगळ्यात जास्त आवडतो. सपाट आहे, आणि चुकायला जागा नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. अंधार पडल्यावर शॉर्टकट म्हणून शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाऊ नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारेत करंट सोडलेला असतो. बेकायदा आहे, माणसंही मेली आहेत, तरी चालतं. आणि पावसाळ्यात दिवसाही बांधीत घुसू नका. गोंदियात सारस पक्षी तेव्हा धानात घरटं करतो. उंच राखाडी जोडी मान वर करून तुमच्याकडे बघत ओरडू लागली, तर फोटो राहू द्या, सायकल उलटी वळवा.