गेटवे गप्प झाला? केबल उपसण्याआधी मेनूतले आकडे वाचा

ऐन मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. डायिंगच्या काही टेम्परेचर कंट्रोलरांचे आकडे स्क्रीनवर येत नव्हते. मी पोचेपर्यंत कुणीतरी गेटवेची (कंट्रोलरांचे आकडे गोळा करून स्क्रीनकडे पाठवणारा डबा) पॉवर दोनदा बंद-चालू करून ठेवली होती. पहिली चूक तीच. बहुतेक गेटवेंत पॉवर गेली की एररचे काउंटर शून्य होतात, मग वाचायचं काय?

आधी लॅपटॉप जोडा. गेटवेचा डायग्नोस्टिक (तपासणीचा) पोर्ट अनेकदा आरएस-232, म्हणजे जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असतो. यूएसबी-सिरियल केबल लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. पुट्टी हा टर्मिनल प्रोग्राम उघडून तो नंबर आणि मॅन्युअलमधला बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) टाका. एंटर दाबल्यावर चित्रविचित्र अक्षरं उमटली तर बॉड रेट चुकलाय. मेनू दिसतो पण कळ दाबली तरी ढिम्म हलत नाही? पुट्टीत फ्लो कंट्रोल 'नन' करा. यात माझा एकदा अख्खा तास गेलाय.

मेनूत वाचायचे पर्याय आणि बदलायचे पर्याय शेजारीशेजारी असतात. कॉन्फिगरेशनकडे आत्ता फिरकू नका. स्टेटसचं पान उघडा, आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा, मग काउंटर शून्य करून पाच मिनिटं थांबा. जुना आकडा महिन्यापूर्वीचा असू शकतो. आत्ता जो वाढतोय तो आजचा बिघाड.

गेटवे आणि कंट्रोलर ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबस आरटीयूत गेटवे विचारतो आणि प्रत्येक कंट्रोलर, म्हणजे स्लेव्ह, आपल्या नंबरावर उत्तर देतो. टाइमआउट म्हणजे उत्तरच आलं नाही. सगळेच स्लेव्ह गप्प असतील तर बॉड रेट, पॅरिटी (चूक ओळखण्याच्या जादा बिटचं सेटिंग) तपासा, नाहीतर स्लेव्हना जोडणाऱ्या केबलच्या ए-बी या दोन तारा उलट्या असतील. एका कंपनीचा 'ए' दुसरीचा 'बी' असतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, अदलाबदल करून बघा. एक्सेप्शन 2 (स्लेव्हनं पाठवलेला एरर कोड) आला तर वायरिंगला हात लावू नका: स्लेव्ह उत्तर देतोय, तुम्ही मागितलेला रजिस्टर पत्ता (आकडा ठेवलेल्या कप्प्याचा नंबर) त्याच्याकडे नाही.

सीआरसी (संदेश शाबूत आला का ते तपासणारा आकडा) एरर वाढत असेल तर उत्तर येतंय, पण वाटेत बिघडतंय. केबल ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) मोटर केबलला चिकटून गेलीय का बघा. सगळी पॉवर बंद करून ए-बीमध्ये मल्टिमीटर लावा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण 60 दिसतात. 120 दिसले तर एका टोकाचा नाही किंवा तार मध्ये तुटलीय.

त्या दिवशी सीआरसी शून्य होता. टाइमआउट फक्त 7, 8 आणि 9 नंबरच्या स्लेव्हचे वाढत होते. आमची केबल नंबरांच्या क्रमानेच फिरलेली (सगळीकडे तसं नसतं), म्हणजे खोट सहा आणि सातच्या मध्ये. सहाचं झाकण उघडलं. सुताच्या धुळीखाली स्क्रू घट्ट होता, पण त्यानं तांबं नाही, वरचं प्लॅस्टिकच दाबून धरलं होतं. तार सोलून, फेरूल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) लावून पुन्हा बसवली.

काउंटर पुन्हा शून्य केले, चहा घेऊन आलो, सातचा टाइमआउट शून्यावरच होता. मेनूतून रीतसर बाहेर पडून मगच केबल काढली. बॉड रेट, पॅरिटी आणि स्लेव्ह नंबर पॅनेलच्या दाराला आतून मार्करनं लिहून ठेवा. आधी आम्ही कागद चिकटवला होता, तो सोलापूरच्या उन्हाळ्यात गळून पडला.