अनात्म आणि वू वेई: या चुका टाळा

अनात्म म्हणजे कायमचा असा "मी" कुठेच सापडत नाही हे बुद्धांचं सांगणं, आणि वू वेई म्हणजे जोर न लावता सहज करणं, ही चीनमधल्या ताओ परंपरेतली कल्पना. हे विषय वाचायला लागलं की सुरुवातीलाच हमखास होणारी चूक म्हणजे "मी नाहीच" असं स्वतःला पटवत बसणं. मी पण हेच केलं, ध्यानाला बसून "मी नाही, मी नाही" घोकायचो आणि उठलो की नुसता बधिर, कोणाशी बोलायचं पण मन व्हायचं नाही. बुद्धांना वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने सरळ विचारलं होतं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरी गप्प. तो गेल्यावर बुद्धांचा शिष्य आनंदने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, नाही म्हटलं असतं तर तो आणखीनच गोंधळला असता, आधी होता तो आत्मा आता गेला असं त्याला वाटलं असतं. म्हणजे हे मत म्हणून डोक्यात भरायचंच नाहीये, बघायचंय. आपण ज्याला "मी" म्हणतो त्याचे बुद्ध पाच भाग (स्कंध) पाडतात, ते एकेक करून बघायचे. गुडघा दुखतोय, ती वेदना. "माझंच नेहमी असं का" हा वरून चिकटलेला विचार, तो संस्कारात (मनाच्या सवयी आणि प्रतिक्रिया) आला. दोन्ही येतात आणि जातात, मग यातलं "मी" कशाला म्हणू? रूप (शरीर), संज्ञा (ओळखणं), विज्ञान (जाणीव) पण असंच तपासायचं. बधिर वाटायला लागलं की घोकणं बंद करा आणि श्वासाकडे या.

"मी नाही तर जबाबदारी कोणाची" म्हणून हात झटकू नका, बुद्धांनी कर्म कधीच नाकारलं नाही.

वू वेईचे तर फारच हाल केलेत लोकांनी, शब्दशः "न करणं" ना, झालं, पडून राहायला मोकळे. पण च्वांगत्सू या जुन्या ताओ विचारवंताच्या गोष्टीतला बैल कापणारा डिंग बघा. साधा माणूस हाडावर घाव घालतो म्हणून दर महिन्याला सुरी बदलतो, डिंगची सुरी 19 वर्षं तीच आणि धार अजून नवी, कारण सांध्यात मुळात जिथे फट आहे तिथूनच ती जाते. लोक इथेच थांबतात, पुढचं वाचतच नाहीत. अवघड गाठ आली की तो सावध होतो, नजर तिथेच, हात एकदम हळू, सुरी जेमतेम हलते आणि मांस मातीच्या ढेकळासारखं सुटून पडतं. एवढं लक्ष आळशी माणसाला जमेल का?

आणि सहज व्हायचा आटापिटा, ही उलटी चूक. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत साधना करत होता, आधी वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धांनी त्याला तारांबद्दलच विचारलं, फार ताणली तर वाजते का, ढिली सोडली तर? मी आता काम करताना मधेच जबडा बघतो, दातावर दात दाबलेले असले की तार ताणलीय, तेवढी सोडायची आणि काम चालू ठेवायचं.