पहाटे पाचचं पाणी

शहरातल्या नदीच्या कामावर मी रुजू झालो तो बाटल्या, मीटर, तपासण्या डोक्यात घेऊन. पहिल्याच आठवड्यात कळलं की माझे जास्त तास बैठकांत जाणार. ड्रेनेज विभाग, काठावरच्या सोसायट्या, कारखानदार, मच्छीमार: प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे.

पहिल्या बैठकीत मीच तोंडावर आपटलो. दुपारी तीनच्या नमुन्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम आला होता. बहुतेक माशांना ५ पुरतो, तेव्हा नदी ठणठणीत आहे, असं मी ऐटीत सांगितलं. मागे बसलेले एक वयस्कर मच्छीमार म्हणाले, "साहेब, पहाटे पाचला या. तेव्हा मासा तोंड वर काढतो."

गेलो. आकडा २ च्या खाली! खरं तर ११ वरच शंका यायला हवी होती. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून साधारण साडेसातच मावतो. वरचा सगळा शेवाळाचा. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. आणि ते माजतं सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर.

म्हणून नव्यांना सांगतो, अहवाल नंतर वाचा, आधी काठाने चाला. सोबत ड्रेनेजचा नकाशा घ्या, आणि तो नकाशा कुठे चुकलाय हे ठाऊक असलेला एखादा जुना मुकादम. तीन दिवस पाऊस नसतानाही पावसाळी गटार वाहत असेल, तर बहुतेक वेळा वर कुणीतरी मैलावाहिनी त्याला जोडलेली असते (क्वचित फुटलेली जलवाहिनीही निघते). संशयित चेंबरमध्ये रंग सोडा आणि गटार नदीला मिळतं त्या तोंडाशी थांबा. पण सोसायटीचे सेक्रेटरी, कारखान्याचा माणूस, मच्छीमार सगळे तिथे हजर हवेत. नंतर दाखवलेल्या फोटोवर कुणाचा विश्वास बसत नाही.

स्वच्छता मोहिमा जरूर करा, ओळखी होतात. प्लास्टिक उचलून ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही.

उद्दिष्टही सगळ्यांना कळेल असं ठेवा. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी ऱ्हाइनमध्ये गेलं, मासे मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी ठरवलं: २००० पर्यंत नदीत साल्मन मासा परतला पाहिजे. बीओडीवर (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं माप) तासभर भांडता येतं, माशावर नाही.

आमच्या समितीच्या तक्त्यावर आता फक्त पहाटेचे आकडे लिहितात. नमुने त्याच मच्छीमारांच्या होडीतून घेतो. कारखान्याचे प्रतिनिधी अजून सातच्या आधी उगवत नाहीत.